श्रोत्यांना गाते करताना

गणपतीच्या दिवसांत कोणत्याही घरच्या आरतीला जरा मागे उभे राहून पाहावे. एरवी ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असे सांगणारी माणसे तेथे मोकळ्या गळ्याने गात असतात, आणि विठोबाच्या आरतीतला तो लांबवायचा ‘ये’ आला की कोणाचा दम किती टिकतो याची चढाओढही लागते. तीच माणसे महिन्याभराने सुगम संगीताच्या मैफलीत खुर्चीवर बसलेली असतात, गायक उत्साहाने माइक त्यांच्याकडे वळवतो, आणि ती ओठ मिटून शेजाऱ्याकडे पाहू लागतात. गळा तोच असतो आणि गाण्याची हौसही तीच असते. आरतीत मात्र आपण कोठे शिरायचे, कोठे थांबायचे आणि चुकलो तर कोणाच्या आवाजाआड लपायचे, हे प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असते. मैफलीत यांपैकी काहीच ठाऊक नसते. श्रोत्यांना गाते करायचे असेल तर त्यांना आग्रह करण्यापेक्षा गाण्यात त्यांची जागा आखून द्यावी लागते, आणि हे काम बरेचसे आधी, घरी बसून करायचे असते.

आमच्या गृहसंकुलाच्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तीस-पस्तीस जण गाण्यासाठी जमतात. त्यांत रीतसर शिकलेले तिघे आहेत, पेटी वाजवणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, ढोलकी वाजवणारा एक महाविद्यालयीन मुलगा आहे, आणि बाकी सारे तुमच्या-माझ्यासारखे आहेत. पहिले पाच-सहा महिने या बैठकीचे स्वरूप ‘चौघे गातात आणि बाकीचे चहाची वाट पाहतात’ असेच होते. पुढे ते कसे पालटले, यातून जे शिकले ते येथे मांडते आहे. ज्यांना आपल्या इमारतीत, वाचनालयात, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा परगावच्या महाराष्ट्र मंडळात असे काही सुरू करायचे आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आयती घडण

मराठी मुलखात एकत्र गाण्याच्या ज्या जुन्या रीती आहेत त्यांच्या तळाशी एकच व्यवस्था दिसते: बदलणारा भाग एकाकडे आणि न बदलणारा भाग सर्वांकडे. हरिपाठात चरण पुढे सरकत राहतात आणि मधून मधून ‘हरि मुखे म्हणा’ परत येत राहते. ज्याला एकही अभंग पाठ नाही तोही त्या ध्रुवपदावर सामील होतो. वारकरी कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी अभंगाचे चरण उचलून धरतात, त्यामुळे बुवांना श्वास घ्यायला आणि पुढचा विचार जुळवायला अवधी मिळतो, आणि समोरच्या मंडळींना कधी गायचे ते टाळकऱ्यांकडे पाहून समजते. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि मागे साथ देणारे झीलकरी ‘जी जी’ धरतात. भोंडल्यात फेर धरलेल्या मुलींपैकी निम्म्या जणींना गाणे येत नसते, पण त्या गाण्यांची ओळ थोडाच बदल होऊन पुन्हा येते, त्यामुळे तिसऱ्या कडव्यापर्यंत नवखी मुलगीही म्हणू लागते. गोव्यात चतुर्थीच्या आरत्या घुमट आणि शामेळ या तालवाद्यांच्या साथीने रंगतात, तेथेही मागून धरणाऱ्यांचा आवाज हाच त्या आरतीचा कणा असतो.

शिकलेल्या गवयांनीही हे ओळखले होते. नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. साबरमती आश्रमातील प्रार्थनेच्या गायनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि 1930 च्या दांडीयात्रेतही ते पायी चालले. इतक्या तयारीच्या माणसाला सूत कातणारी, शेती करणारी, निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे गाती करायची होती. रामधुनीसारखी रचना, जिची ओळ एकाने म्हणावी आणि सर्वांनी तशीच परत म्हणावी, अशा ठिकाणी का टिकते हे कळायला वेगळे शास्त्र लागत नाही. विदर्भात तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे भजनाला बसवली, आणि सामुदायिक प्रार्थना हा आपल्या कामाचा गाभाच मानला. म्हणजे घडण आयती आहे. आपल्याला ती फक्त आपल्या बैठकीपुरती वापरायची आहे.

गाणी निवडताना

आपल्याला आवडणारे गाणे आणि सर्वांना गाता येणारे गाणे, यांत बहुधा पुष्कळ अंतर असते. निवड करताना मी गाण्याच्या कडव्यांकडे जवळजवळ पाहतच नाही, केवळ ध्रुवपद पाहते. (भजनी मंडळी याला धृपद म्हणतात, घरात पालुपद म्हणतात, वस्तू एकच.) ते चार ते आठ शब्दांचे असावे, दर दोन-चार ओळींनी परत यावे, त्याची सुरुवात तालाच्या ठळक मात्रेवर असावी आणि त्यात मुरक्या, म्हणजे स्वरांची झटकन घेतलेली वळणे, नसाव्यात. मुरकीपाशी गट हमखास फुटतो: दोघे-तिघे ती घेतात, बाकीचे सरळ जातात, आणि मग दोन्ही बाजूंना आपणच चुकलो असे वाटून सगळे गप्प होतात. माझी कसोटी साधी आहे. शेजारची आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे खेळायला येते, तिच्यासमोर ते ध्रुवपद दोनदा म्हणायचे. तिसऱ्या वेळी ती आपणहून म्हणू लागली तर गाणे यादीत जाते, नाही तर ते एकट्याने गायचे गाणे म्हणून बाजूला ठेवायचे.

अभंग घेत असाल तर एक गोष्ट आधी ठरवावी. तुकोबांच्या छापील गाथेत बहुतेक अभंगांच्या दुसऱ्या चरणापुढे ‘ध्रु.’ अशी खूण असते, म्हणजे परंपरेप्रमाणे सर्वांनी परत धरायची ओळ ती. आजच्या लोकप्रिय चालींत मात्र पुष्कळदा पहिलीच ओळ परत घेतली जाते. दोन्ही चालतात, पण पेटीवाला एक धरून चालला आहे आणि तुम्ही दुसरी, असे झाले की पहिल्याच कडव्यानंतर गोंधळ उडतो.

चित्रपटगीते आणि भावगीते घ्यायला हरकत नाही, फक्त मधले वाद्यवृंदाचे तुकडे गाळून टाकावेत. ध्वनिमुद्रणातला तो वीस-पंचवीस सेकंदांचा व्हायोलिनचा भाग घरच्या पेटीवर वाजवू लागले की तेवढ्या वेळात लोकांचा जमलेला आवाज विरून जातो. कॅराओके ट्रॅक तर मी या कामासाठी पूर्ण वर्ज्य मानते. तो कोणासाठी थांबत नाही, रंगलेले ध्रुवपद चौथ्यांदा घेऊ देत नाही आणि पट्टीही, म्हणजे ‘सा’ कोणत्या उंचीवर धरायचा तेही, मूळ गायकाचीच लादतो.

पट्टी

येथे जरा थांबावे लागेल, कारण लोक गात नाहीत याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पुरुष गायक साधारणपणे काळी एक ते काळी दोन या पट्टीत गातात, गायिका काळी चार-काळी पाचच्या आसपास गातात. (पेटीच्या प्रत्येक सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या अशा क्रमाने मोजतात.) मिश्र गटात कोणाची पट्टी धरावी यावर आमच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत खरोखर वादावादी झाली. पुरुषांची पट्टी घेतली की वरच्या षड्जाकडे, म्हणजे ‘सा’कडे, जाताना बायकांचा आवाज चिरतो, मग त्या खालच्या सप्तकात उतरतात आणि तेथे त्यांचा आवाजच निघत नाही. बायकांची पट्टी घेतली की पुरुष मधल्या कोठल्या तरी स्वरावर गुणगुणत राहतात.

यातून वाट निघाली ती प्रश्न बदलल्यावर. षड्ज कोणता, हे आधी विचारूच नये. ध्रुवपदाच्या चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कोणता, ते पेटीवर शोधावे. न शिकलेल्या बायकांचा आवाज पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत सहज फिरतो, आणखी दोन-तीन पट्ट्या चढून वरच्या पांढरी एकपर्यंतही जातो. न शिकलेल्या पुरुषांचा सोयीचा टापूही जवळजवळ हाच असतो, फक्त बरोबर एक सप्तक खाली. म्हणजे ध्रुवपद या टापूत बसेल अशी पट्टी निवडली की दोघेही आपापल्या सप्तकात एकच चाल गाऊ शकतात. उदाहरणार्थ, ज्या ध्रुवपदाची चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून, म्हणजे ‘प’पासून, मध्य (मधल्या सप्तकातल्या) पंचमापर्यंतच फिरते, त्याला पांढरी दोन उत्तम, कारण मग दोन्ही पंचम पांढरी सहावरच पडतात. जी चाल मध्य षड्जापासून निघून तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाला भिडते, तिला पांढरी सहा किंवा काळी पाच घ्यावी. कडव्यांची चिंता करू नये. कडवे तुम्हांला एकट्यालाच म्हणायचे आहे, थोडी ओढाताण झाली तर ती सोसावी. पुढे गाणाऱ्याला स्वतःची लाडकी पट्टी सोडायची तयारी ठेवावी लागते, आणि चांगल्या गाणाऱ्यांना नेमके हेच जड जाते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बैठकीच्या आरंभी गळे थंड असतात. पहिली दोन गाणी नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने खाली घ्यावीत आणि नंतर मूळ पट्टीवर यावे. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा लावून छोटा स्पीकर मधोमध ठेवावा, नाही तर चौथ्या कडव्यापर्यंत सगळा गट मिळून न कळत अर्धा-पाऊण स्वर खाली घसरतो.

बैठक कशी मांडावी

खुर्च्यांच्या रांगा लावल्या की माणसे श्रोते होतात. सतरंजी घालावी, गुडघ्यांच्या तक्रारी असणाऱ्यांसाठी कडेने खुर्च्या ठेवाव्यात, आणि मांडणी घोड्याच्या नालेसारखी करावी, म्हणजे प्रत्येकाला समोरच्या काही जणांचे तोंड दिसते. मंच नको. दिवे मंद करू नयेत, कारण शेजारच्या बाईंचे ओठ हलताना दिसले तरच आपले हलतात. जागा शक्यतो लहान घ्यावी. तीस माणसांना दोनशे जणांच्या सभागृहात बसवले तर प्रत्येकाला आपला एकट्याचाच आवाज ऐकू येतो आणि भीती वाटते.

ज्यांना गाणी येतात अशा चार-पाच जणांना पुढे गाणाऱ्याजवळ बसवण्याची चूक आम्ही बरेच दिवस केली. आता आम्ही त्यांना लोकांत पेरतो, म्हणजे एक दाराजवळ, एक खुर्च्यांमध्ये, एक मुलांच्या घोळक्यात, अशा रीतीने. नवख्या माणसाला पुढून येणाऱ्या आवाजापेक्षा कानाजवळचा आवाज आधार देतो. ही पेरणी कोणाला सांगायची नसते. पेरलेल्यांनीही फार सुरेल किंवा फार मोठ्याने गायचे नसते, नाही तर शेजारी ऐकतच राहतो.

ध्वनिवर्धकाबाबत माझे मत ठाम आहे: चाळीस माणसांपर्यंत तो लावूच नये. लावलाच तर एकच, तोही कडव्यांपुरता. उघड्यावर किंवा गच्चीवर कार्यक्रम असेल तर रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी असते हे लक्षात ठेवून साडेनऊलाच आवरते घ्यावे. शेजाऱ्यांनी तक्रार करण्यापेक्षा पुढच्या महिन्यात गायला यावे, हे केव्हाही बरे.

छापील कागदाचाही मोह आवरावा. आम्ही एकदा हौसेने चाळीस पानांची पुस्तिका काढली होती. त्या संध्याकाळी पस्तीस माणसे मान खाली घालून पाने चाळत होती आणि गाणे कोठल्या पानावर आहे हे विचारण्यातच निम्मा वेळ गेला. मोबाइलवर पीडीएफ पाठवून पाहिली, तर गाण्याबरोबर माणसे संदेशही वाचू लागली. आता एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्या दिवसाच्या गाण्यांची फक्त ध्रुवपदे जाड मार्करने लिहितो आणि तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवतो; कडवी पुढे गाणाऱ्याच्या वहीत राहतात. परगावी किंवा परदेशी वाढलेली मुले असतील तर त्याच ओळी शेजारी रोमन लिपीत लिहाव्यात. चार शब्द आहेत, त्यात कमीपणा नाही, आणि दोन महिन्यांत ती मुले पुठ्ठ्याकडे पाहायचेही सोडून देतात.

प्रत्यक्ष गाताना

आरंभी भाषण करू नये. ‘आज आपण सगळ्यांनी गायचे आहे बरे का’ असे म्हटले की लोक सावध होतात. पेटीवर ध्रुवपद एकदा पूर्ण वाजू द्यावे. मग तुम्ही ते एकट्याने, सरळ, हरकती न घेता म्हणावे. दुसऱ्या वेळी पेरलेली मंडळी त्यात मिसळतात, तिसऱ्या वेळी निम्मी खोली मिसळते. एवढे होईपर्यंत कडव्याला हात घालू नये. येथून पुढे त्या संध्याकाळभर ध्रुवपद प्रत्येक वेळी अगदी तसेच यायला हवे. तुम्हांला कलाकुसर करायची असेल तर ती कडव्यात करावी, ती जागा तुमची आहे.

कडवे संपून ध्रुवपद येते तो सांधा सर्वांत महत्त्वाचा आहे. कडव्याचा शेवटचा शब्द स्पष्ट म्हणावा, आलापाने तो लांबवून पुढच्या ओळीत सरकवू नये. तेथे सर्वांना दिसेल असा श्वास घ्यावा, हात किंचित उचलावा, ध्रुवपदाचा पहिला शब्द तुम्ही म्हणावा आणि लगेच आवाज मागे घ्यावा. पहिला शब्द तुमचा, पुढचे सगळे त्यांचे. लोक उशिरा उचलतील, पहिल्या एक-दोन वेळा ओळ अर्धवट पडेल, आणि ती पोकळी भरून काढायला तुमची जीभ शिवशिवेल. तेव्हा गप्प राहणे, हेच शिकण्यासारखे कौशल्य आहे. ढोलकी चालू असते, ठेका कोसळत नाही, आणि दुसऱ्या फेरीला कोणीतरी ती ओळ उचलतेच.

मला हे फार उशिरा समजले. पहिले काही महिने मी माइकसमोर बसून ध्रुवपदसुद्धा पूर्ण ताकदीने गात असे, आणि लोक का गात नाहीत याचे नवल करत असे. एकदा चहाच्या वेळी खुर्चीवरच्या एका आजींना मी विचारले, “आजी, तुम्ही एवढी वर्षे भजनी मंडळात होतात, मग येथे का म्हणत नाही?” त्या कपात बिस्कीट बुडवत शांतपणे म्हणाल्या, “अगं, तूच एवढी गातेस, मग आम्ही कशाला गळा ताणायचा?” त्या दिवसापासून माइक कपाटात गेला.

ओळी अनोळखी असतील तर पुढची ओळ आधी सांगण्याची जुनी युक्ती वापरावी. भजनी ठेका असो वा केरवा, आवर्तन आठ मात्रांचे असते. त्यातल्या शेवटच्या दोन मात्रांत, लय न मोडता, पुढच्या ओळीचे पहिले दोन-तीन शब्द बोलल्यासारखे सांगावेत. संपूर्ण ओळ सांगायला गेलात तर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पोहोचायला उशीर होतो. एकदा आरशासमोर टाळी वाजवत याचा सराव करून पाहावा, ऐकायला वाटते तितके ते सोपे नाही.

लयीवर लक्ष ठेवण्याचे काम ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्याकडे द्यावे आणि त्याला हट्टी राहायला सांगावे. टाळ्या सुरू झाल्या की गटाची लय वाढतच जाते. गजरात ती मुद्दाम वाढवायची असते आणि तेथे ती शोभते. कोकणातल्या भजनात शेवटच्या गजराला झांज आणि पखवाज अशी काही लय चढवतात की बसलेला माणूस गुडघ्यावर येतो. पण ओवीसारख्या संथ गाण्यात लय सुटली की शब्द एकमेकांवर आदळतात आणि मागची मंडळी गळून पडतात. टाळांच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा: तीस माणसांत टाळांच्या तीन-चार जोड्या पुष्कळ झाल्या, आणि त्या अशांच्या हाती द्याव्यात ज्यांचा ठेका पक्का आहे. मुलांना टाळ हवाच असतो; त्यांना तो गजराच्या वेळी द्यावा आणि गजर संपल्यावर न विसरता परत घ्यावा.

थांबण्याची खूण आधीपासून सर्वांना ठाऊक असावी. आम्ही ध्रुवपदाची शेवटची ओळ तीनदा म्हणतो, तिसऱ्या वेळी लय किंचित ओढतो आणि पुढे गाणारा हात वर धरतो. सगळे एका क्षणी थांबतात तेव्हा खोलीत जी शांतता पसरते ती माणसांना फार आवडते, आणि पुढच्या गाण्याला आवाज आपोआप वाढलेला असतो. शेवट विस्कळीत झाला तर मात्र पुढचे गाणे दोन पावले मागून सुरू होते.

नवे गाणे शिकवताना

एका बैठकीत एकच नवे गाणे घ्यावे, ते तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर, चहाच्या आधी. प्रथम ध्रुवपदाचे शब्द सुराविना, तालात बोलून घ्यावेत. मग ओळीचे दोन तुकडे करून एकेक तुकडा म्हणावा आणि परत म्हणून घ्यावा, नंतर ते जोडावेत. रागाचे नाव, कवीचा परिचय, चालीचा इतिहास हे सारे चहाच्या वेळी सांगता येते. ‘सोपे आहे हो’ असे चुकूनही म्हणू नये, कारण ज्याला ते जमत नाही त्याला त्या वाक्याने दुप्पट कमीपणा वाटतो. पुढच्या महिन्यात तेच गाणे पुन्हा घ्यावे; दुसऱ्या वेळी ते लोकांचे होते.

आधीपासून येणाऱ्या गाण्यांत वेगळी अडचण उद्भवते. एकाच आरतीच्या, एकाच अभंगाच्या चाली गावागावांत निरनिराळ्या असतात. आमच्याकडे एका अभंगात विदर्भातून आलेल्या दोन भगिनी तिसरी ओळ खाली घ्यायच्या आणि बाकीचे वर जायचे. मी पहिल्या वेळी मध्येच थांबवून ‘मूळ चाल’ सांगितली, आणि त्या दोघी पुढचे दोन महिने आल्या नाहीत. चूक संपूर्णपणे माझी होती. आता असे झाले की गाणे थांबवत नाही. गाणे संपल्यावर त्यांना पुढे बसवून त्यांची चाल सर्वांकडून एकदा म्हणून घेतो, आणि मग ज्या चालीला खोली झुकेल ती चालते. त्या भगिनींची चाल आता आमच्याकडे रुळली आहे, कारण ती खरोखरच बायकांच्या गळ्याला अधिक सोयीची आहे.

न गाणारे

काही जण गाणार नाहीत, आणि त्यांना तसे बसू द्यावे. कोणाकडे बोट दाखवून ‘काका, तुम्ही म्हणा ना’ असे म्हटले की त्या काकांचे पुढच्या वेळचे येणे संपलेच असे समजावे. निवेदकांची ती आवडती आरोळी, ‘आवाज ऐकू येत नाही, अजून जोरात!’, ही तर मला या कामातली सर्वांत निरुपयोगी गोष्ट वाटते. तिने एक ओळ मोठ्याने येते आणि पुढची येतच नाही. त्याऐवजी न गाणाऱ्याला काहीतरी करायला द्यावे: टाळी, ठेका, पुठ्ठा बदलणे, पुढचे गाणे निवडणे. आमच्याकडे दाराजवळ उभे राहणारे चार-पाच पुरुष होते, ते कधीच आत येत नसत. आम्ही चहाचे टेबल दारापासून उचलून आतल्या भिंतीला लावले. चहासाठी आत आलेली माणसे तेथेच बसली, आणि त्यांतले एक जण आज गजर सांगतात.

मैफलीत गाणाऱ्या कलाकारांनीही हे थोडेफार करून पाहावे. माइक लोकांकडे वळवण्याआधी ती ओळ सर्वांच्या टापूत आहे की आपल्याच तार सप्तकात, हे तपासावे. वाद्यवृंद त्या ओळीपुरता हलका करावा, प्रेक्षागृहातले दिवे थोडे वाढवावेत, आणि लोकांनी ओळ म्हटल्यावर तीच ओळ लगेच स्वतः गाऊन दाखवू नये. तसे केले की लोकांना आपली तपासणी झाल्यासारखे वाटते.

बैठक संपवताना सर्वांना पाठ असलेलेच गाणे घ्यावे आणि पेटी बंद करून, नुसत्या आवाजांवर ते म्हणावे. पाऊण ते दीड तासात सारे आटोपावे. दोन तासांवर गळेही दमतात आणि पायही. सतरंज्या गुंडाळल्या जात असतानाच वहीत टिपण करून ठेवावे, दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. कोणते गाणे, कोणती पट्टी, ध्रुवपद कितव्या फेरीला उचलले गेले, कोठे आवाज पडला, एवढेच लिहावे. आमच्या वहीतली गेल्या महिन्याची नोंद अशी आहे: “गजर काळी एकने घेतला, खालच्या पंचमाला बायकांचा आवाज बसला. पुढच्या वेळी पांढरी दोन. टाळ दोन जोड्या कमी कराव्यात. नवे गाणे तिसऱ्या फेरीला उचलले, पुन्हा घेणे. पुठ्ठ्यावरची अक्षरे मागून दिसत नाहीत, निळ्याऐवजी काळा मार्कर आणणे.”